शहागंजची सामुद्रधुनी

दोन हजार बारा सालची गोष्ट. रामकिसन शेजूळनं तोवर समुद्र पाहिला नव्हता, आणि गेली आठ वर्षं तो कॉलेजात समुद्रविज्ञान शिकवत होता. यात काही वावगं आहे असं त्याला वाटत नसे. खगोलशास्त्रवाले तरी कुठं जाऊन येतात? देवगाव रंगारीहून निघालेला माणूस औरंगाबादेत येऊन टेकतो. वाटेत वेरूळ लागतं, समुद्र लागत नाही.

तो तासिका तत्त्वावर होता. तासिका तत्त्व म्हणजे तास सुरू असेतो प्राध्यापक आणि घंटा झाली की नागरिक. दर जूनमध्ये त्याला नेमत, दर एप्रिलमध्ये विसरत. आठ वर्षांनी संस्थेला भूगोलाची एक कायम जागा मंजूर झाली. एकच. मार्चमध्ये रामकिसनचं वय संपत होतं; म्हणजे माणूस पुढं जगणार होता, फक्त अर्ज करायचं वय संपणार होतं. ही जागा हुकली तर आयुष्यभर घंटेबरोबर ये-जा.

दुसरा उमेदवार होता काकासाहेब. वय एकतीस. नाव जन्मापासून काकासाहेबच, त्यामुळं पहिलीच्या हजेरीतसुद्धा मास्तर त्याला अदबीनं हाक मारत. पण त्याची खरी पात्रता वेगळी होती. तो संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांचा भाचेजावई होता.

मुलाखतीआधी समितीपुढं वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. विषय चिठ्ठ्या टाकून ठरले. काकासाहेबाला निघालं ‘महाराष्ट्रातील पर्जन्यमान’, ज्याचे तक्ते तो दोन महिन्यांपासून रंगवत होता. असे योगायोग संस्थेत घडत. रामकिसनला निघालं ‘सामुद्रधुनीतून होणारी पाण्याची देवाणघेवाण आणि तिचा पोषकद्रव्यांवर व सागरी जीवांवर होणारा परिणाम’. चिठ्ठीला चार घड्या होत्या. एवढी जाडजूड चिठ्ठी बोटांना आधीच कशी कळली नाही, याचं त्याला घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

हाताशी चार दिवस होते. पहिल्या दिवशी तो घरात चालला. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. बसला तर पाय हलायचा, पाय थांबवला तर बोटं वाजायची.

“अहो, बसा एका जागी,” आशा म्हणाली. “फरशी झिजली.”

“अगं, दोन समुद्रांच्या मधे चिंचोळी वाट असते...”

“मला नका सांगू. मी काय सही करणाराय का?”

दुसऱ्या दिवशी त्याला जुन्या पुस्तकात एक चित्र सापडलं. तीनशे वर्षांपूर्वी एका इटालियन गृहस्थानं एक पेटी केली होती. मधे पडदा, पडद्याला दोन भोकं, एक वर, एक तळाशी. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं. भोकं उघडली की जड खारं पाणी तळातून पलीकडं जातं आणि हलकं गोडं पाणी वरून अलीकडं येतं. एकाच वेळी, एकाच वाटेनं, उलट्या दिशांना. रामकिसननं पुस्तक मिटलं आणि चप्पल घालून थेट शहागंज गाठलं.

तिथं चांदपाशाचं काचेचं दुकान होतं. मिठाईवाल्यांची कपाटं आणि हौशी लोकांच्या मासे ठेवायच्या टाक्या ही त्याची कमाई.

“आओ प्रोफेसरसाब. मच्छी कौनसी रखते?”

“मच्छी नाही, चांदपाशाभाई. समुद्र ठेवायचाय.”

“अच्छा.” चांदपाशानं कानामागची पेन्सिल काढली. “कित्ते फूट का?”

“तीन बाय एक.”

“तीन फूट में समंदर. चलता. बीच में?”

“मधे काच. तिला दोन भोकं.”

इथं मात्र चांदपाशानं पेन्सिल परत कानामागं ठेवली. काचेला भोक पाडणं म्हणजे काय असतं यावर त्यानं थोडक्यात पण मनापासून सांगितलं. पहिली काच तडकली. दुसरी तडकली तेव्हा त्यानं रामकिसनला दुकानाबाहेर उभं केलं, कारण त्याच्या पाय हलवण्यानं फळी हलते असा त्याचा दावा होता. तिसऱ्या काचेला भोकं पडली. रबरी बुचं बसली. रामकिसननं एका बाजूच्या पाण्यात खडामीठ विरघळवून जिलेबीचा लाल रंग टाकला, दुसऱ्या बाजूच्या साध्या पाण्यात निळा, आणि बुचं काढली.

तळच्या भोकातून लाल पाण्याची जीभ बाहेर आली. पलीकडच्या तळाला ती चादरीसारखी पसरत गेली. वरच्या भोकातून निळं पाणी अलीकडं सरकलं आणि लालच्या माथ्यावर जाऊन बसलं. शेजारचा टोपीवाला, समोरचा अत्तरवाला, दोघं गिऱ्हाइकं सोडून आले.

“या अल्ला,” चांदपाशा म्हणाला. “नीचे से जारा, ऊपर से आरा. टकरा भी नै रे! हमारे शहागंज में दो रिक्शे ऐसे नै निकलते.” मग त्यानं काचेला नाक लावलं. “पर प्रोफेसरसाब, मच्छी किस बाजू में ज्यादा रहती?”

विषयाचा गाभा एका काचवाल्यानं विचारला म्हणून रामकिसनला भरून आलं. “हे बघा. ही लाल बाजू म्हणजे भूमध्य समुद्र. ऊन फार, पाणी उडून जातं, मीठ मागं उरतं, म्हणून पाणी जड. ही निळी बाजू अटलांटिक. मधली भोकं म्हणजे जिब्राल्टरची वाट. आता समुद्रात जे जे मरतं ते तळाला जातं, कुजतं, त्याचं खत होतं. समुद्राचं शेणखतच म्हणा. आणि तळाचं पाणी चाललं बाहेर. वरून आत येतं ते हलकं पाणी, त्यात खत जवळजवळ नाहीच. खत नाही तर शेवाळ नाही, शेवाळ नाही तर मासा नाही. म्हणून तो समुद्र दिसायला निळाशार, आरशासारखा, पण पोटानं उपाशी.”

चांदपाशानं काचेवरचा नाकाचा डाग बाहीनं पुसला. “मतलब अच्छा माल नीचे से निकल जाता,” तो म्हणाला. “हमारा बेटा युसूफ भी पूना गया. चार साल हुए.”

मंगळवारी टाकी रिक्षातून कॉलेजात आली. रामकिसननं ती भूगोलाच्या खोलीत टेबलावर ठेवली. एका बाजूला अडीच किलो खडामीठ विरघळवून, फडक्यानं गाळून, नितळ करून भरलं. दुसऱ्या बाजूला साधं पाणी. बुचं ठोकली. रंग मात्र बुधवारी समितीच्या डोळ्यांदेखत टाकायचे होते. आधी टाकले तर कुणी म्हणायचं, यांनी घरूनच करून आणलं. टाकीवर पांढरं फडकं टाकलं. मग त्याच्यानं राहवलं नाही आणि त्यानं झाडलोट करणाऱ्या द्वारकाबाईंना हाक मारून सांगितलं, “मावशी, या टाकीकडं तेवढं लक्ष ठेवा.”

द्वारकाबाईंना असं सांगायचं नसतं. अकरा वर्षं त्या रोजंदारीवर होत्या आणि अकरा वर्षांत त्यांच्यावर सोपवलेलं काही मळकं राहिलं नव्हतं.

बुधवारी रामकिसन दहाला पोचला तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त पहिलं वाक्य होतं. द्वारकाबाई जिन्यात म्हणाल्या, “सर, सगळं भरून ठिवलंय बरं का, काळजी करू नगा.” तो “हो, हो” म्हणत दोन-दोन पायऱ्या चढून गेला.

समितीत चौघं होते. मधे नानासाहेब. त्यांच्या उजवीकडं प्राचार्य, जे नानासाहेबांकडं पाहून मान हलवत. डावीकडं शासनाचे प्रतिनिधी, जे मोबाइलकडं पाहून मान हलवत. आणि टोकाला विषयतज्ज्ञ म्हणून रत्नागिरीहून आलेल्या डॉ. शमशाद मुकादम. चौकोनी चष्मा, मांडीवर वही, रात्रभराच्या बसचा शीण डोळ्यांत. त्यांच्या सहीशिवाय नेमणूक होत नव्हती, म्हणून नानासाहेबांनी त्यांना आल्या आल्या दोनदा चहा पाजला होता.

रामकिसननं सुरुवात बरी केली. रंग टाकले. अटलांटिक झालं, भूमध्य झालं, मीठ, ऊन, जडपणा सगळं झालं. “आता बघा,” तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही बुचं काढली.

काही झालं नाही.

लाल आपल्या घरात, निळं आपल्या घरात. भोकांपाशी अंमळ जांभळट झालं आणि तिथंच घोटाळत राहिलं. रामकिसननं टेबल हलवलं. जांभळं हललं आणि परत येऊन बसलं.

“वा!” नानासाहेब म्हणाले. “कुणी कुणाच्या हद्दीत गेलं नाही. शिस्त म्हणतात ती ही. शेजूळ सर, छान केलंय. ही आपण स्नेहसंमेलनात ठेवू.”

प्राचार्यांनी मान हलवली. शासनानंही हलवली, तिकडं कुणाचा तरी मेसेज आला असावा. रामकिसनच्या मनात आलं, आता बुचं लावावीत, धन्यवाद म्हणावं आणि बसावं. बारा मिनिटं झाली होती. आठ वर्षांत नानासाहेबांनी त्याला पहिल्यांदाच छान म्हटलं होतं.

“हे हलत का नाही, सर?” टोकाकडून शमशाद मॅडमनी विचारलं.

रामकिसननं बोट लाल पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. गोड. नळाचं, ताजं, थंड पाणी.

आणि त्याला एकदम सगळं कळलं. आज बुधवार. आज नळाचा दिवस. त्या साली शहरात तिसऱ्या दिवशी नळ यायचा आणि नळाच्या दिवशी या शहरात दोन गोष्टी ठेवत नाहीत: रिकामं भांडं आणि शिळं पाणी. पहाटे तोटी फुसफुसली की पिंप, हंडे, बादल्या, कूलर, फुलदाण्या, जे जे पाणी धरतं ते ते ओतायचं, घासायचं आणि काठोकाठ भरायचं. लक्ष ठेवायला सांगितलेली काचेची पेटी तर पहिली. द्वारकाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्या लखलखीत काचेकडं मोठ्या समाधानानं बघत होत्या.

नानासाहेबांचा फोन वाजला. ते खिडकीशी गेले. तेवढ्यात प्राचार्य टेबलाला वळसा घालून रामकिसनच्या कानाशी आले.

“सकाळी बाई टाकी धूत होती. मी बघितलं.”

“मग तेव्हाच सांगायचं ना, सर!”

“मला वाटलं तुम्हीच सांगितलंय धुवायला. ऐका. लेखी द्या. कर्मचाऱ्यानं साहित्यात ढवळाढवळ केली म्हणून. नियम आहे, उद्या परत पाठ घेता येतो. पहिल्यापासून वीस मिनिटं. कागद मी देतो.”

“आणि बाईंचं?”

“ते नानासाहेब बघतील,” प्राचार्य म्हणाले. नानासाहेब कसं बघतात ते सगळ्यांना माहीत होतं. गेल्या वर्षी सत्काराचा हार चुकून दुसऱ्याच पाहुण्याच्या गळ्यात घातला म्हणून एका शिपायाला त्यांनी असंच बघितलं होतं. तो आता करमाडला टपरी चालवतो.

रामकिसनसमोर कोरा कागद आला. सोबत पेन. त्याच्या पायानं टेबलाखाली ठेका धरला. तीन ओळींचं काम. आणि त्या तीन ओळींत खोटं एक अक्षरही नव्हतं. ओतलं तर बाईंनीच होतं. उद्या मीठ घालू, उद्या लाल जीभ निघेल, उद्या मॅडम सही करतील. त्यानं पेनचं टोपण काढलं. दारात द्वारकाबाईंनी ट्रे एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. कप पाच होते, त्यांनी समितीबरोबर त्याचाही आणला होता. त्यानं टोपण लावलं. परत काढलं. घड्याळात तेरा मिनिटं झाली होती.

“मावशी,” तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की शासनानं मोबाइलवरून मान वर केली. “ट्रे ठेवा. कँटीनमधून मीठ आणा. असेल तेवढं. पळा!”

“मीठ? चहात?”

“समुद्रात, मावशी!”

द्वारकाबाई पळाल्या. रामकिसननं बुचं लावली आणि बोलायला लागला. थांबायची सोय नव्हती म्हणून तो फार सरळ बोलला.

“मॅडम, हलत नाही कारण दोन्हीकडं एकच पाणी आहे. रंग वेगळा, पाणी तेच. वजनात फरक नसेल तर वाट असून उपयोग नाही, कुणी कुणाकडं जात नाही. खरा समुद्र असा अडकला तर काय होईल? तळाच्या पाण्याला वरची हवा मिळणार नाही, आणि वरच्या पाण्याला तळाचं खत मिळणार नाही. वरचे मासे उपाशी, खालचे गुदमरलेले. काळ्या समुद्राची तऱ्हा निराळी. तिथं देवाणघेवाण आहे, पण वाट अरुंद आणि उथळ. वर नद्यांचं हलकं पाणी, खाली आत आलेलं जड पाणी, आणि ते तळाशी शेकडो वर्षं पडून राहतं. दीड-दोनशे मीटरच्या खाली प्राणवायू नाही. मासा नाही, खेकडा नाही, काही जिवाणू तेवढे.”

द्वारकाबाई धापा टाकत दोन पुडे घेऊन आल्या. बारीक मीठ होतं. लाल पाण्यात पडताच ते ताकासारखं गढूळ झालं. रामकिसननं फळ्याच्या लाकडी पट्टीनं ते ढवळलं. नानासाहेब फोन संपवून वळले तेव्हा रामकिसनचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता आणि त्यांची शिस्त ढवळून निघाली होती.

“अहो शेजूळ, चांगलं चाललं होतं ना? कशाला ढवळता?”

सतरा मिनिटं. त्यानं बुचं उपसली.

एक क्षण पुन्हा काही झालं नाही. मग तळच्या भोकातून गढूळ लाल पाणी निघालं. आधी थेंबाएवढं, मग बोटाएवढं, आणि मग पलीकडच्या तळाला पसरत, कोपऱ्यावर आपटून मागं वळत. वरून निळं आत सरकलं. मधे कुठंही एकमेकांना न अडवता दोघं एकमेकांना ओलांडून चालले होते.

शमशाद मॅडम खुर्चीवरून उठून टाकीपाशी आल्या. वही खुर्चीवरच राहिली. “आमच्याकडं खाडीच्या तोंडाशी भाऊ जाळं टाकतो,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “वर होडी एकीकडं ओढली जाते आणि खाली जाळं दुसरीकडं. लहानपणी मला वाटायचं, खाली कुणीतरी धरलंय.”

“धरलंयच, मॅडम. तळाच्या प्रवाहानं.”

“आणि मासे?”

“जिथं दोन्ही पाणी भेटतात आणि तळचं वर येतं, तिथं असणार.”

“तिथंच असतात,” त्या म्हणाल्या. मग चष्मा सारखा करून त्यांनी परत विषयतज्ज्ञाचा आवाज लावला. “पण सर, पहिल्या खेपेला मीठ का नव्हतं?”

दारातून द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर आता समाधान नव्हतं; त्यांनाही दोन पुड्यांत बरंच कळलं होतं.

“विसरलो,” रामकिसन म्हणाला. “मावशी, चहा द्या सगळ्यांना.”

“विसरला?” नानासाहेब म्हणाले. “मुख्य वस्तूच विसरला? असा विसराळू माणूस कायम कसा करायचा, सांगा बरं प्राचार्य.” प्राचार्यांनी कोऱ्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मान हलवली.

नंतर काकासाहेबानं पर्जन्यमान सांगितलं. सगळे तक्ते सरळ होते.

मग दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला रामकिसन, दुसऱ्या टोकाला काकासाहेब. आतून नानासाहेबांचा आवाज चढे, मग मॅडमचा हळू, मग काहीच नाही. रामकिसन उठे, पाण्याच्या पिंपापर्यंत जाई, पाणी न पिता परत येई. बाहीवरचा लाल डाग त्यानं तीनदा धुतला; तो गुलाबी झाला. द्वारकाबाई येऊन समोर उभ्या राहिल्या.

“सर, म्या वतलं ना ते? खारं व्हतं, म्या चाखलं बी. म्हणलं, बोरचं खारं पाणी भरलं कुणीतरी मेल्यानं.”

“जाऊ द्या, मावशी.”

“आसं कसं जाऊ द्या? म्या जाऊन सांगते आत.”

“तुम्ही सांगाल, आणि माझी नोकरी तर गेलीच, तुमचीबी जाईल. कशाला दोन?”

“लई शिकलेलं माणूस तुमी,” द्वारकाबाई म्हणाल्या, आणि हे कौतुक होतं की नाही ते न सांगता झाडू उचलून गेल्या.

तासाभरानं दार उघडलं. मॅडम पिशवी खांद्याला अडकवून एकट्याच बाहेर आल्या. रामकिसन ताडकन उठला.

“तुमच्या नावावर अध्यक्ष सही करत नाहीत, काकासाहेबांच्या नावावर मी केली नाही,” त्या चालता चालताच म्हणाल्या. “योग्य उमेदवार आढळला नाही, असं लिहिलंय. परत जाहिरात निघेल.”

“कधी?”

“जूनमध्ये म्हणतात.”

“माझं वय मार्चला संपतंय, मॅडम.”

त्या थांबल्या. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून त्यांनी खाली आवारात उभ्या नानासाहेबांच्या गाडीकडं पाहिलं. “आमच्या कॉलेजात एक जागा आहे. जाहिरात फेब्रुवारीत निघते. मी समितीत नसेन, तेव्हा शब्द काही देत नाही. पण तिथं भाचेजावई कुणी नाही एवढं मला माहीत आहे. टाकी आणायची गरज नाही. कॉलेजच्या मागंच खाडी आहे.”

रामकिसनच्या डोळ्यांसमोर आशा आली, पोरांच्या शाळा आल्या, देवगावची आई आली, जिला औरंगाबादसुद्धा लांब वाटायचं. मग त्याला काहीच दिसेना, कारण पुढं जे होतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं खिसे चाचपले. कागद नव्हता. प्राचार्यांनी तो परत नेला होता.

“सांगा,” तो म्हणाला आणि तळहात पुढं केला. मॅडमनी सांगितला तसा पत्ता त्यानं हातावरच लिहून घेतला. शेवटी पिनकोड मनगटापर्यंत गेला. मॅडमना बस गाठायची होती, त्या गेल्या.

तो वळला तर काकासाहेब मागं उभा. इतक्या जवळ की त्याच्या नव्या शर्टाचा कोरा वास आला. त्यानं आधी बंद दाराकडं पाहिलं, मग जिन्याकडं, आणि मग घसा खाकरून अगदी हळू म्हणाला,

“सर, तो पिनकोड... शेवटचे तीन आकडे काय म्हणाल्या त्या?”